घडीच्या कॅमेऱ्याला मंद कोण म्हणतं?

आज आपण विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांतल्या जर्मन घडीच्या प्लेट कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. छायाचित्रणाच्या इतिहासात त्याच्या वाट्याला बहुतेक एकच भूमिका येते: लायकाच्या आधीचा मंद, अवजड म्हातारा. १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लायका आला आणि छायाचित्रकार मोकळा झाला, अशी ही गोष्ट. आम्हाला ती अर्धीच वाटते.

आधी वस्तू पाहू. ड्रेस्डेनच्या इका किंवा एर्नेमान, ब्राउनश्वाइगच्या फोइगटलेंडर यांचा ९×१२ सेंटिमीटरचा कॅमेरा घ्या. मिटलेला असताना जाड पुस्तकाएवढा. पुढचं झाकण खाली पाडायचं, रुळांवरून भिंग पुढे ओढायचं, की मागे भाता उलगडतो. पाठीला दुधी काच. तिच्यावर समोरचं दृश्य उलटं दिसतं. डोकं खाली, डावं उजवीकडे. फोकस जमला की शटर मिटायचं, दुधी काच काढायची, तिथे प्लेटचा होल्डर सरकवायचा, त्याचं पातळ झाकण उपसायचं, आणि मग फोटो. झाकण उपसायला विसरलात तर प्लेट कोरी, शटर मिटायला विसरलात तर प्लेट काळी!

एवढं ऐकलं की 'मंद' हा शिक्का पटतो. पण याच कॅमेऱ्याच्या रुळाशेजारी अंतराचे आकडे असतात. अंतर अंदाजाने लावा, छोट्या व्ह्यूफाइंडरमधून किंवा तारेच्या चौकटीतून बघा आणि हातात धरूनच टिपा. दुधी काच लागतच नाही. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेलचं कॉम्पूर शटर १९१२ मध्ये आलं. ते या आकारात सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंत चाले. काचेऐवजी फिल्मपॅक लावला तर कागदाची एकेक पट्टी ओढत लागोपाठ बारा फोटो निघत. म्हणजे एकाच यंत्रात बघण्याच्या दोन रीती होत्या. कुठली वापरायची, ते माणूस ठरवी.

दुसरी गोष्ट आकाराची. ९×१२ची निगेटिव्ह कागदावर ठेवून उजेड दिला की हातात धरून बघण्याजोगा फोटो तयार. लायकाची निगेटिव्ह २४×३६ मिलिमीटर. तिला एनलार्जर हवाच. हौशी माणसाने मोठी प्लेट निवडली ती जुनेपणाच्या प्रेमाने नव्हे, घरच्या डार्करूमचा हिशेब करून. शिवाय प्रत्येक प्लेट वेगळी डेव्हलप करता येई.

आणि वेगाचंच म्हणाल, तर एरिख सालोमोन आठवा. १९२८ मध्ये त्यांनी न्यायालयात चोरून फोटो काढले, तेही काचेच्या प्लेटवरच. कॅमेरा एर्नेमानचा एर्मानॉक्स. तो छोटा, घडी न होणारा, पण प्लेटच्याच कुळातला. कमी उजेडात त्याला साथ होती ती एफ/१.८ इतक्या तेजस्वी भिंगाची. अंधाऱ्या दालनातलं दार भिंगाने उघडलं, फिल्मच्या रिळाने नव्हे.

मात्र उलट्या टोकाला जाणारेही आज पुष्कळ आहेत. 'संथ बघणं', 'काचेचं ध्यान' वगैरे बोलून ते या कॅमेऱ्याचा साधू करतात. आम्हाला तेही मान्य नाही. ज्याच्या जाहिरातीत हलकेपणा आणि चटपटीतपणा विकला जाई, त्याला वैराग्य चिकटवणं म्हणजे इतिहास न वाचणंच.

मग या कॅमेऱ्याचं खरं मोल कशात? आमच्या मते, त्याने टिपलेल्या प्लेटमध्ये. आज संग्राहक भिंग तपासतो, निकेल पुसतो, भात्याला भोक आहे का ते दिव्याने बघतो. पण सोबत आलेली निगेटिव्हची पेटी कित्येकदा भंगारात जाते. यंत्र उरतं, त्याने पाहिलेली माणसं जातात. सालोमोन यांना १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये मारण्यात आलं. न्यायालयातला तो क्षण आज आपल्यापुढे आहे, कारण कुणीतरी तो जपला.

तेव्हा पुढच्या वेळी कपाटात असा कॅमेरा दिसला, तर कंपनीचं नाव नंतर विचारा. आधी विचारा, याच्या प्लेट कुठे आहेत?