न संपणारी भूमिका

३१ जानेवारी २००८ रोजी बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' मालिकेचा भाग एकट्या अभिनेत्रीने पेलला. डॉट ही म्हातारी घरी बसून, पक्षाघात झालेल्या नवऱ्यासाठी, जिमसाठी, कॅसेटवर निरोप रेकॉर्ड करते आहे. जिमला घरी आणून त्याची उस्तवार करणे आपल्याला झेपेल का, हा तिचा प्रश्न. बोलण्याच्या ओघात ती लहानपणात शिरते, भलतीकडे भरकटते, पुन्हा त्या प्रश्नाशी येऊन अडते. टोनी जॉर्डन यांनी लिहिलेल्या या भागासाठी डॉट साकारणाऱ्या जून ब्राऊन यांना २००९च्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. सोप ऑपेरातल्या अभिनेत्रीच्या वाट्याला हे नामांकन त्याआधी आले होते ते १९८८ साली, 'कोरोनेशन स्ट्रीट'च्या जीन अलेक्झांडर यांच्या.

ब्राऊन यांना पुरस्कार मिळाला नाही, ही खंत करण्याजोगी बाब नव्हे. खटकते ते वेगळेच. त्यांनी डॉट रंगवायला घेतल्याला तेव्हा बावीस वर्षे उलटून गेली होती, आणि जाणकारांची दाद मिळाली ती नेमकी सोपसारखा नसलेल्या भागाला. एक पात्र, एक खोली, सलग स्वगत : म्हणजे चांगले एकपात्री नाटकच. सोप जेव्हा रंगभूमीसारखा दिसतो तेव्हा त्यातला अभिनय आपल्याला अभिनय वाटतो. एरवी तो नुसता रतीब ठरतो.

वास्तविक ब्राऊन रंगभूमीच्याच. १९२७ साली सफोकमधल्या नीडहॅम मार्केटला जन्म, महायुद्धाच्या काळात नौदलाच्या महिला दलात नोकरी, मग ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत शिक्षण. टीव्हीवर लहानमोठी कामे चालूच होती. 'ईस्टएंडर्स' फेब्रुवारी १९८५मध्ये सुरू झाली आणि त्याच जुलैत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या डॉट कॉटन म्हणून तिथे आल्या. लेस्ली ग्रँथम या सहकलाकाराने त्यांचे नाव सुचवले होते. १९९३ ते १९९७ हा खंड सोडला तर २०२०पर्यंत त्या मालिकेत होत्या. २०२२च्या एप्रिलमध्ये, ९५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या कामाची रीत समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. 'ईस्टएंडर्स' सुरुवातीला आठवड्यातून दोनदा दिसे. १९९४पासून तीनदा, २००१पासून चारदा. लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात, तालमीला वेळ जेमतेम. नाटकातल्या नटीला तिसरा अंक ठाऊक असतो, म्हणून पहिल्या अंकातच ती त्याची पेरणी करून ठेवते. सोपमधल्या नटीला शेवटच माहीत नसतो. आज ज्या शेजारणीशी भांडायचे तिच्या उशाशी पंधरा वर्षांनी बसायचे आहे, याची तिला कल्पना नसते. म्हणून पात्रातल्या विसंगती मिटवून टाकणे तिला परवडत नाही. त्या सगळ्या जाग्या ठेवाव्या लागतात.

डॉट ही अशा विसंगतींची बेरीज. धर्मभीरू, पण सिगारेट सुटत नाही. धुलाई केंद्रात लोकांचे कपडे सांभाळता सांभाळता बायबलमधले वचन फेकणार, आणि आपण चहाड्या करणाऱ्यांतल्या नाही असे बजावून लगेच चहाडीला सुरुवात करणार. ब्राऊन यांनी या बाईला विनोदी केले, हास्यास्पद केले नाही. डॉटची श्रद्धा त्यांनी कधी थट्टेवारी नेली नाही, हे मला त्यांच्या कामाचे मर्म वाटते. म्हणूनच २००० साली कर्करोगाने मरणपंथाला लागलेली तिची मैत्रीण एथेल जेव्हा डॉटकडे मरायला मदत मागते, तेव्हा पेच खरा वाटतो. मैत्रिणीला यातनांत ठेवायचे की आपल्या देवाच्या आज्ञेविरुद्ध जायचे? डॉट मदत करते आणि ते पाप मनावर वागवत राहते.

संहितेने ब्राऊन यांना नेहमी साथ दिली असे नाही. डॉटचा मुलगा निक हा या मालिकेचा हमखास खलनायक. १९९०मध्ये आईने बिंगोत जिंकलेल्या पैशांसाठी तो तिच्यावर विषप्रयोग करायला निघतो. २०१४मध्ये तो मेल्याची बातमी येते आणि तो जिवंत निघतो. भडक आणि वारंवार उगाळलेले कथानक. तरी दर खेपेला ब्राऊन यांची डॉट त्याच वेड्या आशेने दार उघडते. या पुनरावृत्तीचे चीज झाले २०१५च्या फेब्रुवारीत. अमली पदार्थांच्या पायी निक कोसळतो आणि डॉट रुग्णवाहिका बोलावत नाही. त्याचे काय करायचे ते देवावर सोपवते. हा प्रसंग सुटा पाहिला तर तो निव्वळ धक्का. तीस वर्षे पाहून पाहिला तर दार उघडून उघडून थकलेल्या आईचा निवाडा. सोपमधला अभिनय असा साठत जातो. त्याचे एकक दृश्य नसते, वर्ष असते.

जीन अलेक्झांडर यांचे उदाहरण याहून बोलके. १९६४ ते १९८७ त्यांनी हिल्डा ऑग्डेन साकारली : डोक्याला कर्लर, अंगात एप्रन, भिंतीवर उडत्या बदकांची रांग, आणि आळशी नवऱ्याच्या, स्टॅनच्या नावाने अखंड करवादणे. स्टॅनचे काम करणारे बर्नार्ड यूएन्स १९८४मध्ये वारले, तेव्हा कथेतही स्टॅन गेला. अंत्यविधी उरकून हिल्डा घरी येते, इस्पितळातून आलेले त्याच्या वस्तूंचे पुडके सोडते. आत त्याचा चष्मा. ती रडते. संवाद जवळजवळ नाहीतच. वीस वर्षांची किरकिर हीच तिची प्रेमाची भाषा होती, हे प्रेक्षकाला त्या क्षणी उमगते. तो चष्मा तेवढा बोलतो, कारण त्यामागे शेकडो भाग उभे आहेत.

तरीही सोपकडे पाहिले जाते ते पायरी म्हणून. 'कोरोनेशन स्ट्रीट'मधली रॅकेल मागे ठेवून सारा लँकशायर 'हॅपी व्हॅली'पर्यंत पोहोचल्या. त्याच मालिकेतून निघालेल्या सुरान जोन्स यांनी 'डॉक्टर फॉस्टर' गाजवली. दोघींना बाफ्टा मिळाले. त्यांच्या गुणांबद्दल शंका नाही. पण बाहेर पडली ती अभिनेत्री आणि राहिली ती मालिकेतली बाई, ही वाटणी अन्यायाची आहे. आपल्याकडेही रोहिणी हट्टंगडींचे नाव निघाले की 'गांधी'तल्या कस्तुरबा आणि त्यासाठीचा बाफ्टा आठवतो. 'चार दिवस सासूचे'तली त्यांची सासू घरोघरी पाहिली गेली, पण समीक्षेच्या पानावर क्वचितच आली.

आता तर ही कला जिथे फुलली ती जमीनच आक्रसते आहे. बीबीसीची 'डॉक्टर्स' २४ वर्षांनी, २०२४मध्ये बंद झाली. आयटीव्हीने जानेवारी २०२६पासून 'कोरोनेशन स्ट्रीट' आणि 'एमरडेल' या दोन्हींचे आठवड्याचे तास कमी केले. 'कोरोनेशन स्ट्रीट'मध्ये गेल प्लॅट रंगवणाऱ्या हेलन वर्थ यांनी पन्नास वर्षांनंतर २०२४च्या नाताळात निरोप घेतला. अशी अर्धशतकी कारकीर्द यापुढे कोणाच्या वाट्याला येईल असे वाटत नाही. प्रेक्षक आठ भागांची मालिका एका बैठकीत संपवतात. आवडीचा प्रश्न म्हणून ते ठीकच आहे. पण आठ भागांत डॉट घडत नाही.

आणि तोटा केवळ शैलीचा नाही. चित्रपट साठीच्या बाईला आजी करून कोपऱ्यात बसवतो. सोपने कामगारवस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना कथेच्या मध्यभागी जागा दिली, त्यांचे हट्ट आणि पापे गंभीरपणे घेतली, आणि जून ब्राऊन यांना नव्वदी ओलांडल्यावरही काम दिले. ब्रिटिश टीव्हीने सोप आटोपते घेताना खर्चाचा हिशेब जरूर करावा; त्या हिशेबात ही जागाही धरावी. ती एकदा गेली की कितीही गुणी अभिनेत्री आली तरी तिला वर्षे कोण देणार?