नरगुंदचे बंड आणि मराठी वाङ्मय

सत्तावन सालच्या संग्रामाचे नाव निघताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे झाशी, कानपूर आणि ग्वाल्हेर ही स्थळे उभी राहतात. नरगुंद उभे राहत नाही. ही उणीव केवळ इतिहासाची नसून वाङ्मयाची आहे, असे आम्हांस वाटते.

नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. त्यांचा संस्कृत ग्रंथसंग्रह प्रसिद्ध होता. पोटी पुत्र नाही आणि दत्तक घेण्यास सरकारची मंजुरी नाही, या पेचात ते सापडले होते. त्यातच शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम आला. दक्षिण महाराष्ट्राचे काम पाहणारा पोलिटिकल एजंट मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनवर होता. सनदा तपासून इनामे खालसा करणाऱ्या त्या कमिशनाविषयी जहागीरदारांच्या मनांत धास्ती होती. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान येथे मॅन्सनच्या तळावर बाबासाहेबांनी छापा घातला, त्याला ठार केले आणि त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर टांगले. लगोलग धारवाडकडून फौज आली व किल्ला पडला. बाबासाहेब पकडले गेले आणि १२ जून रोजी बेळगावी फाशी गेले. त्यांच्या माता व पत्नी यांचा मलप्रभेच्या पात्रात अंत झाला. अवघ्या दोन आठवड्यांत एक घराणे नाहीसे झाले.

आता झाशीकडे पाहावे. तेथेही दत्तकाचाच प्रश्न होता आणि बाबासाहेबांच्या फाशीनंतर आठवडाभराच्या आतच राणी लक्ष्मीबाईही ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या. प्रसंग इतके समांतर असता एक घरोघर पोचला आणि दुसरा का पोचला नाही? झाशीचे कार्यक्षेत्र मोठे होते, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हे. झाशीला विष्णुभट गोडसे लाभले. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेल्या वरसईच्या या भिक्षुकाने वेढ्यातील झाशी डोळ्यांनी पाहिली आणि पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून ती लिहून काढली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ची थोरवी वीररसात नाही. तहान, भय, लपून काढलेले दिवस, लुटीत फाटून गेलेले झाशीचे ग्रंथालय, हे सारे त्या साध्या माणसाने सांगितले, म्हणून राणीही आपल्याला माणूस म्हणून दिसते.

नरगुंदचा वृत्तांत मात्र सरकारी कागद आणि गॅझेटियर यांच्या वाटेने आपल्याकडे आला. त्यात मध्यभागी आहे मॅन्सनचा वध. बाबासाहेबांची बाजू तेथे प्रस्तावनेपुरती येते. त्याची प्रतिक्रिया म्हणून आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात हुतात्म्याचा ठरीव साचा असतो. एका बाजूस गुन्हेगार, दुसऱ्या बाजूस देवमूर्ती. ग्रंथांत रमणारा हा पुरुष वेशीवर शिर टांगण्यापर्यंत कसा पोचला, हा खरा वाङ्मयीन प्रश्न दोहोंकडेही सुटून जातो. जो लेखक ते शिर झाकून ठेवील त्याला बाबासाहेबांचे दुःखही कळणार नाही, आणि जो तेवढेच दाखवील त्याला न्याय कळणार नाही. मलप्रभेत गेलेल्या त्या दोन स्त्रियांना तर अहवालात एका ओळीची जागा मिळते.

या दृष्टीने शहापूरचे स्थान आम्हांस अर्थपूर्ण वाटते. १९४८ पर्यंत हे गाव सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखाली, आणि त्याला लागून असलेले बेळगाव हे इंग्रजांच्या लष्करी छावणीचे ठाणे. हातमागावर लुगडी विणणारा येथील विणकर काही पावले चालला की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई. ज्या बेळगावात एक मराठी संस्थानिक फाशी गेला, ते त्याच्या शेजारचे गाव. संस्थान व सरकार यांच्या सीमेवर जगणाऱ्या अशा सामान्य माणसाची दृष्टी या कथेला हवी होती. झाशीत ती गोडसे भटजींनी पुरविली.

आणखी एक गोष्ट. भावे घराणे मराठी, नरगुंदची रयत कानडी. म्हणून ही कथा एकट्या मराठीने लिहिली तर अर्धी राहील, एकट्या कानडीने लिहिली तरी अर्धीच. सीमेच्या वादाने दोन्ही भाषांची मने कडवट झाली; १९५६ च्या जानेवारीत बेळगाव-निपाणीत रक्तही सांडले. त्या वेदनेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु भूमीवरील हक्क सांगणे आणि तिच्या स्मृतींचा सांभाळ करणे ही दोन निराळी कर्तव्ये आहेत, आणि दुसऱ्या कर्तव्यात आपण उणे पडलो आहो.

शहापूर-बेळगावचा लेखक दोन्ही भाषा कानांनी ऐकतच वाढतो. नरगुंदची कथा सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका कोणाचाच नाही. त्याने गौरवग्रंथ लिहू नये. एका ग्रंथप्रेमी माणसाचा कोंडमारा, त्याचा क्रोध, त्याच्या घरातील स्त्रिया आणि फाशीच्या दिवशी माग थांबवून बसलेला एखादा विणकर, एवढे जरी त्याने प्रामाणिकपणे उभे केले तरी मराठीचे एक जुने ऋण फिटेल.