सुभेचा नेत्र आणि उपासिकांची तक्रार : पालि वाङ्मयातील एका प्रश्नाचे पुनर्वाचन

पालि वाङ्मयात थेरीगाथेचे स्थान अनन्यसाधारण आहे. स्वतःच्या मुक्तीचा उच्चार स्त्रियांनी स्वतःच्या वाणीने केला आहे, असा इतका प्राचीन संग्रह जगाच्या वाङ्मयात विरळाच आढळेल. या संग्रहातील ज्या गाथा आपल्या प्रवचनांतून आणि वर्षावासातील ग्रंथवाचनांतून पुनःपुन्हा सांगितल्या जातात, त्यांत जीवकाच्या आम्रवनातील सुभा थेरीची गाथा प्रमुख आहे. वाटेत अडविणाऱ्या पुरुषाच्या हाती स्वतःचा डोळा काढून देणारी ही भिक्षुणी त्यागाचा परमादर्श म्हणून श्रोत्यांसमोर उभी केली जाते. हे वाचन अपुरे आहे आणि तरुण मुलींसमोर ते एकटेच ठेवले गेले तर घातकही ठरते, असे आमचे मत आहे. या मताची कारणे पालि ग्रंथांतूनच देण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम गाथेचे स्वरूप पाहू. थेरीगाथेच्या तिंसनिपातात ही एकच गाथा आहे. राजगृहाजवळील जीवकाच्या आम्रवनाकडे सुभा जात असता एक धूर्त तिची वाट अडवितो. येथे पहिले शब्द सुभेचे आहेत आणि ते प्रश्नाच्या रूपात आहेत. मी तुझा कोणता अपराध केला म्हणून तू माझी वाट अडवून उभा आहेस, असे ती विचारते. या प्रश्नाकडे भाष्यकारांचे आणि प्रवचनकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आमच्या मते संपूर्ण गाथेचा कणा हाच प्रश्न आहे. वाट सर्वांची आहे, तिच्यावरून चालणारी व्यक्ती कोणाची ऋणी नाही, तिला अडविणाऱ्याने आधी कारण सांगितले पाहिजे, एवढा सगळा आशय त्या एका प्रश्नात आहे.

धूर्त या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो तिच्या रूपाची स्तुती करतो, काषाय वस्त्र टाकून फुललेल्या वनात रमण्यास सांगतो, काशीची तलम वस्त्रे, चंदनाची शय्या आणि प्रासादातील सुख यांचे आमिष दाखवितो. मधूनच तो भीतीही घालतो. हिंस्र पशूंच्या या भयाण अरण्यात तू सोबतीवाचून एकटी कशी जाणार, असे तो म्हणतो. स्तुती, आमिष आणि भय ही तिन्ही एकाच माणसाच्या मुखातून एकापाठोपाठ यावीत, हे गाथाकर्तीचे निरीक्षण अत्यंत सूक्ष्म आहे. रस्त्यावरच्या त्रासाला आजही हाच क्रम असतो. जो आधी गोड बोलतो तोच नकार मिळताच धमकावतो, आणि जो एकटेपणाचा धाक दाखवितो तोच त्या एकटेपणातला धोका असतो.

सुभेचे उत्तर विस्तृत आहे. खुंट्या आणि दोऱ्या यांनी बांधलेली, रंगविलेली बाहुली नाचताना सुंदर दिसते. दोऱ्या सोडून तिचे भाग विखुरले तर मन कशावर जडवायचे? ज्या डोळ्यांची तू स्तुती करतोस ते झाडाच्या ढोलीत बसविलेल्या लाखेच्या गोळीसारखे आहेत. हा अनित्यतेचा आणि अनात्मतेचा उपदेश आहे आणि तो पूर्ण झालेला आहे. वादात सुभा जिंकली आहे. त्यानंतर नेत्रदानाचा प्रसंग येतो. तो सुभेच्या मुखाने सांगितलेला नाही. निवेदकाच्या तृतीय पुरुषी वाणीने सांगितला आहे. धूर्ताचा राग तात्काळ मावळतो, तो क्षमा मागतो, आणि सुभा बुद्धांपाशी गेल्यावर तिचा नेत्र पूर्ववत होतो.

या शेवटाचे समर्थन करणारे म्हणतात की हा प्रसंग सामाजिक वर्तनाचा धडा नाही; तो उपेक्षेचा, देहासक्ती पूर्ण गळून पडल्याचा दाखला आहे. आध्यात्मिक अर्थापुरते हे म्हणणे आम्ही मान्य करतो. परंतु कथा एकदा श्रोत्यांसमोर सांगितली गेली की ती केवळ अध्यात्माची राहत नाही. ऐकणारी मुलगी तिच्यातून हेच घेऊन जाते की पुरुषाच्या दृष्टीतील विकाराची किंमत स्त्रीने आपल्या अवयवाने मोजावी, मग पुरुषाला पश्चात्ताप होतो आणि सर्व ठीक होते. गाथेतील नेत्र परत येतो. मुलीची सुटलेली शाळा मात्र तशी परत येत नाही. आरंभीचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, याचेही भान श्रोत्यांना राहत नाही.

ग्रंथातील वचन प्रश्न न विचारता स्वीकारू नये, ही शिकवण आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिली. १९५१ साली महाबोधी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या हिंदू स्त्रीच्या उन्नती व अवनतीविषयीच्या निबंधात त्यांनी महापरिनिब्बान सुत्तातील, स्त्रियांकडे पाहूही नये अशा आशयाच्या संवादाची चिकित्सा केली आणि तो मागाहून घुसडलेला असावा असे दाखविले. बुद्धांच्या एकूण आचरणाशी जे विसंगत आहे ते त्यांच्या नावावर खपवू नये, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. सुभेचा नेत्रप्रसंग प्रक्षिप्त आहे असा दावा आम्ही करीत नाही. परंतु पालि वाङ्मयात या प्रश्नाची अन्य उत्तरे असताना आपण हेच एक का निवडतो, हे विचारणे बाबासाहेबांच्या पद्धतीला धरून आहे.

ती अन्य उत्तरे कोणती? संयुत्त निकायातील भिक्खुनी संयुत्तात दहा सुत्ते आहेत. श्रावस्तीजवळील अंधवनात भिक्षुणी एकट्या ध्यानासाठी जातात आणि मार त्यांना भेडसावतो. सोमा भिक्षुणीला तो म्हणतो की ऋषींनाही दुर्लभ असे पद दोन बोटांच्या प्रज्ञेच्या स्त्रीला मिळणे शक्य नाही. भात शिजला की नाही हे शीत दोन बोटांत दाबून पाहणारी, एवढीच जिची अक्कल, असा त्या टोमण्याचा अर्थ अट्ठकथेत दिला आहे. उत्पलवर्णा फुललेल्या शालवृक्षाखाली उभी असता मार तिला विचारतो की एकटी, रूपवती असून तुला धूर्तांचे भय कसे वाटत नाही. ती सांगते की तुझ्यासारखे लक्ष धूर्त आले तरी माझा केसही हलणार नाही.

या सुत्तांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. बहुतेक सुत्तांत भिक्षुणी आधी स्वतःशी विचारते की हे बोलणारा कोण आहे, मनुष्य की अमनुष्य? मग ती त्याला ओळखते : हा पापी मार आहे. मग ती त्याला उत्तर देते. ओळखले गेल्याचे कळताच मार दुःखी होऊन अंतर्धान पावतो. येथे कोणी डोळा काढून देत नाही, चीवर आवरून पळत नाही, आणि अंधवन सोडत नाही. अंतर्धान पावतो तो मार. त्रास देणाऱ्याचे नाव घेता येणे हेच त्याच्या सामर्थ्याचा अंत करणारे आहे, असा या दहा सुत्तांचा एकत्रित आशय आम्हांला दिसतो.

तथापि मार हा मनातील विकाराचे प्रतीक आहे, हाडामांसाचा धूर्त शब्दांनी अंतर्धान पावत नाही, हा आक्षेप रास्त आहे. विनयपिटकात हा कठोर अनुभव नोंदलेलाच आहे. उत्पलवर्णा भिक्षेस गेली असता एक तरुण तिच्या कुटीत लपून बसला आणि त्याने तिच्यावर बलात्कार केला. तिने ही गोष्ट भिक्षुणींना सांगितली, भिक्षुणींनी भिक्षूंना सांगितली, आणि बुद्धांनी निर्णय दिला की जिची संमती नाही तिला आपत्ती नाही. अत्याचारित स्त्रीला कलंकित मानणाऱ्या समाजात हा निर्णय किती मोठा होता, हे सांगावयास नको.

चुल्लवग्गात याच विषयाची दुसरी बाजूही आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्षुणींवर धूर्तांनी अत्याचार केले तेव्हा भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असा नियम झाला. अपराध धूर्तांचा, आणि अरण्य बंद झाले भिक्षुणींना! यावर टीका करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. संघाचा अधिकार संघापुरता होता. गृहस्थ धूर्ताला दंड करण्याचे सामर्थ्य संघापाशी नव्हते, ते राजापाशी होते. धम्मपद अट्ठकथेत तर असे सांगितले आहे की बुद्धांनी राजा प्रसेनजिताला भिक्षुणींसाठी नगरात निवास बांधून देण्यास सुचविले. म्हणजे सुरक्षिततेची जबाबदारी राज्याकडे नेण्याचा विचार परंपरेला अपरिचित नव्हता. आज धूर्ताला दंड करणारे राज्य आहे आणि संविधान आहे. अशा काळात मुलीला वाटेत त्रास होतो म्हणून तिचे महाविद्यालय बंद करणारा पालक चुल्लवग्गातील निर्बंध तेवढा उचलतो आणि ज्या अडचणीतून तो निर्बंध आला ती विसरतो.

जेथे संघाचा अधिकार चालत होता तेथे त्याने काय केले? या प्रश्नाच्या उत्तराकडे आपल्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. श्रावस्तीत उदायी भिक्षूचा विहार पाहण्यास काही स्त्रिया आल्या असता तो त्यांच्याशी अश्लील बोलला. काही हसल्या. काहींनी बाहेर येऊन भिक्षूंकडे तक्रार केली की असे बोलणे आम्ही पतीकडूनही सहन करणार नाही, मग या आर्यांकडून कसे करावे? या तक्रारीतून तिसरा संघादिसेस नियम उत्पन्न झाला. विकारी मनाने स्त्रीशी अश्लील बोलणे हा पाराजिकाच्या खालोखालचा गंभीर अपराध ठरला. त्यासाठी भिक्षूला मानत्त व्रत आचरावे लागे, आणि पुन्हा पूर्ववत घेण्यास किमान वीस भिक्षूंचा संघ लागे. त्या स्त्रियांनी कोणती वस्त्रे नेसली होती, त्या कोणत्या वेळी आल्या होत्या, कोणासोबत आल्या होत्या, यांवर नियम झाला नाही. नियम बोलणाऱ्याच्या तोंडावर झाला.

हसणाऱ्या स्त्रियांना मात्र ग्रंथकाराने निर्लज्ज म्हटले आहे. येथे आम्ही ग्रंथकाराशी सहमत नाही. अधिकारी पुरुष अभद्र बोलतो तेव्हा पुष्कळ स्त्रिया हसतात ते संमतीने नव्हे. तेथून सुखरूप बाहेर पडण्याचा तो एक मार्ग असतो. ज्या तक्रार करू शकल्या त्यांचा गौरव करण्यासाठी ज्या करू शकल्या नाहीत त्यांची निंदा करण्याचे कारण नाही.

याच्याच जोडीला अनियत नियम वाचावा. उदायी एका तरुणीसोबत एकांतात बसलेला विशाखेने पाहिला. तिने त्याला हटकले. त्याने मानले नाही. तिने भिक्षूंना कळविले. त्यातून असा नियम झाला की विश्वासार्ह उपासिकेच्या सांगण्यावरून भिक्षूवर कारवाई करता यावी. पुढे विभंगाने भिक्षूच्या कबुलीची अट घालून हा नियम बराच अरुंद केला, तरी स्त्रीचा शब्द साक्ष म्हणून ग्राह्य धरण्याचे मूळ तत्त्व पुसले गेले नाही. राजस्थानातील भंवरीदेवी यांच्यावर १९९२ साली झालेल्या अत्याचारानंतर सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण गेले आणि १९९७ साली ज्याच्या निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ते प्रकरणही ‘विशाखा’ या नावानेच ओळखले जाते. नावाचा हा योगायोग आहे. पण पाहिले ते बोलून दाखविणे आणि ते ऐकून घेणारी व्यवस्था मागणे, हा दोन्हींतील धागा एकच आहे. आज १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ, पाठलाग आणि स्त्रीचा अवमान करणारे शब्द वा हावभाव यांसाठी कलमे ७५, ७८ आणि ७९ आहेत. कलमे आहेत, परंतु तक्रारीला कान देणारा संघ आजूबाजूला नसेल तर ती पुस्तकात राहतात.

आपल्याच भूमीतील सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. १८४८ साली पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिकविण्यास जाताना त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला जाई, आणि त्या सोबत दुसरे लुगडे नेत, असे चरित्रकार सांगतात. आपण त्या दुसऱ्या लुगड्याचे कौतुक करतो. शेण फेकणाऱ्यांचे काय झाले हे विचारीत नाही. सुभेच्या गाथेचे वाचन जसे नेत्रापाशी थांबते तसे हे स्मरण लुगड्यापाशी थांबते. सावित्रीबाईंचे थोरपण सहन करण्यात जेवढे आहे त्याहून अधिक ते वाट न सोडण्यात आहे.

सुभेची गाथा बाजूला ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. ती वाचावी, पण तिच्या पहिल्या प्रश्नासह वाचावी आणि सोमा, उत्पलवर्णा, विशाखा व श्रावस्तीच्या त्या अनामिक स्त्रिया यांच्यासोबत वाचावी. विहारात येणारी मुलगी जेव्हा सांगेल की येता-जाता अमुक मुलगा वाट अडवितो, अथवा विहारातीलच कोणी अभद्र बोलतो, तेव्हा तिला संयमाचा उपदेश करण्यापूर्वी उपासकांनी तिसरा संघादिसेस आठवावा. त्या दिवशी श्रावस्तीत तक्रार करणाऱ्या स्त्रियांना, तुम्ही तेथे गेलातच कशाला, असे बुद्धांनी विचारले नाही. त्यांनी उदायीला बोलावून घेतले.