९५५९ पैकी २१४३ : उरलेले कुठे गेले?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एखादा पेपर हाती आला की निष्कर्षाआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा : यात कोण नाही?

उदाहरण घेऊ ‘आयसॅट’चं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे एन्युरिझम, फुटल्यावर कवटी उघडून क्लिप लावायची, की मांडीतून नळी नेऊन आतून कॉइल भरायची? २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर आलं. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइल गटात २३.७ टक्के, क्लिप गटात ३०.६. फरक ६.९ टक्क्यांचा, म्हणजे साधारण १५ जणांना कॉइल केलं तर एकाचा वाईट परिणाम टळतो. काम मोठंच, वाद नाही.

पण आता गाळणी बघा. तपासले ९५५९ रुग्ण, चाचणीत घेतले २१४३. अट अशी की दोन्ही उपचार सारखेच योग्य आहेत असं डॉक्टरांना वाटलं पाहिजे. रुंद मानेचा, अवाढव्य, वेड्यावाकड्या आकाराचा फुगा इथेच बहुधा गळतो. मेंदूच्या मागच्या बाजूच्या रक्तप्रवाहातले तर तीन टक्केही नव्हते. म्हणून ‘आयसॅटने सिद्ध केलं’ असं म्हणून दुर्मीळ फुग्यांना कॉइल सुचवणं हे पेपरचं वाचन नाही, तो पेपरवर केलेला अन्याय आहे.

अशा अवघड फुग्यांसाठी ‘पफ्स’ हा अभ्यास झाला. रक्ताचा प्रवाह वळवणारी जाळी, १०८ रुग्ण, सहा महिन्यांनी ७३.६ टक्क्यांत फुगा पूर्ण बंद. मोठा स्ट्रोक किंवा मृत्यू ५.६ टक्के. पण तुलनेला दुसरा गटच नाही! आणि हे फुगे ताजे फुटलेले नव्हते. आकडा खरा, पण ‘कशापेक्षा चांगला?’ याचं उत्तर त्यात नाही.

आता जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभं राहून हे वाचा. इथला रुग्ण आधी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात जाणार, मग घाट उतरून मोठ्या शहरात. जाळी बसवली की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने चुकवायच्या नाहीत, पुन्हा अँजिओग्राफीला यायचं. एसटी चुकली, मजुरी बुडाली, गोळी संपली, तर काय? या प्रश्नाचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो.

तुमचा विषय कुठलाही असो, आधी गळलेल्यांची यादी करा. कदाचित तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच बसलेला असेल.