छतात हूक हवा

१८९४ साली राजा रविवर्मा यांनी आपला शिळाछापखाना घाटकोपरला काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्र जर्मन, आणि कागदावर उतरणार होत्या आपल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला. पाचएक वर्षांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे दुसऱ्याच्या हाती गेला. पण त्याची चित्रं वाड्यापासून चाळीतल्या खोलीपर्यंत पोचली. कुठे बायकांनी चित्रातल्या लुगड्याच्या काठावर खरी जर शिवली, दागिन्यांवर टिकल्या लावल्या. रोज कुंकू लावून काचेवर लाल डाग पडले. आज पारंपरिक घर म्हटलं की ती कमळातली लक्ष्मी डोळ्यांपुढे येते. त्या काळी मात्र ती यंत्रावर निघालेली, परदेशी तंत्राची कोरी करकरीत वस्तू होती. घराने तिला काम दिलं, म्हणून ती घरची झाली.

मुंबईच्या उपनगरांतल्या आजच्या पारंपरिक सजावटीकडे पाहताना मला हीच कसोटी लावावीशी वाटते: या वस्तूला घरात काम काय?

सध्या या सजावटीला मोठी मागणी आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही नव्या टॉवरमधल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जा. हॉलच्या एका भिंतीवर वारली चित्रं असतात, सोफ्यावर खणाच्या उशा, कोपऱ्यात पितळी समई, देवघरामागे नक्षीची जाळी. यामागची ओढ खरी आहे. रिडेव्हलपमेंटमध्ये घर दोनदा हलतं, आधी भाड्याच्या जागेत आणि मग नव्या इमारतीत. पहिल्या हलवाहलवीत फडताळ जातं, दुसरीत पाटा-वरवंटा. तांब्याचा बंब भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने मोजला जातो. नव्या घरात पाय ठेवल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं आणि ते भरून काढायला माणूस दुकानात जातो. या हळहळीचा मला आदरच वाटतो. तक्रार आहे ती दुकानात मिळणाऱ्या उत्तराबद्दल.

देवघरच घ्या. सध्याचा ठरीव नमुना म्हणजे एमडीएफच्या फळीतून सीएनसी यंत्राने कापलेली जाळी आणि तिच्यामागे पिवळा एलईडी. बोरिवलीच्या एका घरात असं देवघर मी दोनदा पाहिलं. मे महिन्यात ते देखणं होतं. ऑगस्टमध्ये जाळीच्या खालच्या कडा फुगून सुटल्या होत्या, कारण एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, आणि मुंबईच्या पावसाळ्यातला ओलावा ती पिऊन घेते. निरांजन लावलं तर वर काजळी धरते म्हणून घरच्यांनी विजेची ज्योत बसवली होती. समईवर लॅकरचा पारदर्शक थर होता, म्हणजे ती घासायची नाही, आणि तापली की थर पिवळा पडतो म्हणून पेटवायचीही नाही. पेटवायची नाही अशी समई, हे मला या सजावटीच्या आजच्या स्थितीचं सर्वांत बोलकं चित्र वाटतं. सागवानी देवघर मात्र धूर, तेल, पाणी सगळं सोसतं. त्याचे खांब काळवंडतात, पुसले की पुन्हा उजळतात. त्याचं वय दिसतं आणि शोभतं.

वारली चित्रांची गोष्ट अधिक गंभीर आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेच्या जंगलात वारल्यांचे पाडे आजही आहेत. म्हणजे ज्या कलेचे स्टिकर आपण ऑनलाइन मागवतो, ती कला आपल्याच पिनकोडच्या आसपास राहते. तिचं मूळ रूप लग्नाचं आहे. कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक काढतात आणि त्या चौकात पालघाट देवी बसवतात. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही रेषा लग्नाबाहेर काढून कागदावर, कापडावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे चित्राने भिंत बदलावी याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती साच्याला. एकच तारपानाच, एकच बैलगाडी, शू-रॅकपासून बाथरूमच्या टाइलपर्यंत. म्हसे यांच्या चित्रात मासेमारीचं जाळं हजारो बारीक रेघांनी श्वास घेतं, स्टिकरमध्ये त्या रेघांच्या मोजून वीस होतात. त्याऐवजी एखाद्या वारली चित्रकाराला घरी बोलवावं, भिंत द्यावी, गोष्ट त्याला निवडू द्यावी आणि मोबदला सुताराला देतो तसा ठरवून द्यावा. मग त्या भिंतीवर आपल्याच डोंगरातली झाडं येतील.

फरशीच्या बाबतीत लोकांची नजर तयार होते आहे, ही आनंदाची बाजू. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईच्या कितीतरी घरांत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या आल्या. या फरशीत रंग वर छापलेला नसतो. रंगीत सिमेंटचा काही मिलिमीटर जाड थर साच्यात ओतून दाबयंत्राखाली दाबतात. म्हणून चालून चालून ती झिजली तरी फूल पुसलं जात नाही, उलट गुळगुळीत होतं. आज तीच नक्षी व्हिट्रिफाइड टाइलवर छापून मिळते. लांबून दोन्ही सारख्या दिसतात, अनवाणी पायाला मात्र फरक लगेच कळतो. सगळं घर सिमेंटच्या फरशीचं करणं परवडणार नाही. पण देवघरापुढची चार फूट जागा किंवा गॅलरी करता येते, आणि तशी करणारी घरं वाढली आहेत.

लाकडाचा बाजार ओशिवऱ्याला, रिलीफ रोडवर. तिथे उतरवलेल्या घरांचे दरवाजे, खांब, कडीपाट, आरामखुर्च्या रांगेने उभ्या असतात. खरेदीला जाणाऱ्याने एक करावं: वस्तू उलटी करून पाहावी. खालची बाजू, जोड, खिळे खरं सांगतात. कुसू आणि भोक बसवून सांधलेला सांधा वेगळा, आणि नव्या लाकडाला ॲसिड आणि पॉलिश चोळून आणलेलं म्हातारपण वेगळं. पण अस्सल दरवाजा घेऊन तो भिंतीवर आडवा टांगणंही मला पटत नाही. दरवाजाने उघडावं, मिटावं. बिजागऱ्या दुरुस्त करून तो बेडरूमला बसवता येतो. नपेक्षा त्याचं जेवणाचं टेबल करा, म्हणजे निदान रोज हात लागेल.

शिवाय कुणाची परंपरा, हाही प्रश्न आहे. बाजाराने पेशवाई वाडा आणि राजस्थानी हवेली एवढ्या दोनच थीम ठेवल्या आहेत. उपनगरं त्याहून श्रीमंत आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत संखेड्याचं लाखेने रंगवलेलं सागवान आणि हिंडोळा आहे. आंबोली, गोराईच्या गावठाणांत ईस्ट इंडियन घरांचे व्हरांडे आणि बाहेरून चढणारे जिने आहेत. वेसाव्याच्या कोळ्याच्या घरात पितळी हंड्यांची चकचकीत उतरंड आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतला रंगीत पाट कोकणातून आलेल्या कितीतरी घरांत असेल, बहुधा माळ्यावर. सजावट करणाऱ्याने कॅटलॉग उघडण्याआधी घरातला माळा उघडावा. तिथे जे सापडेल ते आपलं असेल.

जागेचं काय, असं कुणीही विचारेल. चारशे चौरस फुटांत वाडा कसा मावायचा? मला वाटतं, जुनं घर हे जागा वाचवण्याचंच शास्त्र होतं. कोनाडा भिंतीच्या जाडीत मावे. फडताळ भिंतीत शिरे. पाट जेवण झालं की उभे केले जात. रात्रीची गादी सकाळी वळकटी होई. एका खोलीला दिवसभरात चार कामं असत. आज त्याच खोलीत सात माणसांचा सोफा ठेवून आपण भिंतीवर वाड्याचं चित्र लावतो, तेव्हा वाड्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट दाराबाहेर राहते.

मुलुंडच्या एका घराने हे मला दाखवून दिलं. हॉल दहा बाय पंधराचा. मधोमध शिसवी पाटाचा झोपाळा, चार पितळी कड्यांवर, सोफा नाही. सकाळी आजोबा त्यावर पेपर वाचतात, दुपारी आजी मटार सोलते, संध्याकाळी नात पाय हलवत पाठांतर करते, पाहुणे आले तर तिघं बसतात. कडीच्या आकड्यात महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडायचं काम नातीकडे आहे. पाटाची एक कड बसून बसून गोल झाली आहे. त्या घरात दुसरं काही 'पारंपरिक' नाही, भिंती पांढऱ्या आहेत. तरी दारातून आत पाऊल टाकताच ते घर कुणाचं आणि कुठलं, हे कळतं.

जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा या घराने झोपाळा उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवला. नव्या टॉवरचा नकाशा आला तसं त्यांनी इंजिनिअरला गाठून आपल्या हॉलच्या तुळईतच हूक सोडून घ्यायला सांगितलं, स्लॅब भरायच्या आधी. रंग, पडदे, उशा, यांतलं तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. इमारत कागदावर होती, आणि झोपाळ्याची जागा पक्की होती.