'विचारपूर्वक त्वरा'

अमेरिकेतील ब्राऊन खटल्याच्या 1954 च्या निकालाचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. काळ्यांसाठी वेगळ्या शाळा घटनाबाह्य, असे नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले. मोठीच गोष्ट. पण मी हा निकाल वाचतो तो त्याच्या 1955 च्या उत्तरार्धासह. अंमलबजावणीची मुदत त्यात नाही. आहे ती 'विचारपूर्वक त्वरा'. या शब्दयोजनेला मी निर्दोष मानत नाही. त्वरा कोणाला हवी होती आणि विचार कोणावर सोपवला? शाळा चालवणाऱ्या गोऱ्या मंडळांवरच!

व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात 1951 साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने डांबरी कागदाच्या खोपटांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवला. ब्राऊनमध्ये एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक तिथलाच. म्हणजे हा परगणा खटला हरलेला होता. त्याने काय केले? 1959 मध्ये एकत्र शाळेचा हुकूम येताच सार्वजनिक शाळांनाच कुलूप ठोकले. गोऱ्यांनी खासगी शाळा काढली, तिला काही काळ सरकारी पैशाचा टेकूही मिळाला. 1963 मध्ये देणग्यांवर तात्पुरत्या शाळा निघेपर्यंत बहुसंख्य काळी मुले शाळेविना राहिली.

1964 साली त्याच न्यायालयाने सुनावले की विचार फार झाला, त्वरा झालीच नाही. हे लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक (तरुणपणी ते कू क्लक्स क्लानचे सभासद होते) 1955 च्या पीठावरही बसलेले होते. 1959 साली पहिलीत बसायचे सहा वर्षांचे पोर तोवर अकरा वर्षांचे झाले होते.