शांततेचं भाडं

एक विशिष्ट प्रकारचं हॉटेल हल्ली इन्स्टावर सारखं समोर येतं. तुम्हीही पाहिलं असेल. समुद्रकिनारा, पण त्यावर माणूस नाही. मातकट भिंत, सुती पडदा, एकच आरामखुर्ची, मातीच्या भांड्यात खोचलेली एकच फांदी. झुंबर नाही, सोनेरी कठडे नाहीत, दारात फेटा बांधलेला दरबान नाही. मागे गाणंसुद्धा नाही, नुसती लाटांची गाज. 2023 मध्ये 'सक्सेशन' मालिकेतल्या अब्जाधीशांच्या बिनलोगोच्या टोप्यांची चर्चा झाली आणि 'क्वायट लक्झरी' हा शब्द घराघरात आला. ही हॉटेलं म्हणजे त्या टोपीचीच राहायची आवृत्ती.

मला ती आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. मी राहतो ते छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून रस्त्यानं तीनशे किलोमीटरहून जास्त आत आहे. इथे नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याचा दिवस लक्षात ठेवून लग्नाला जायचं की नाही ते ठरवणारी माणसं आहोत आम्ही. अशा गावात बसून ज्या पाण्यात कुणी बादली बुडवत नाही, कपडे धूत नाही, ज्याचा कुणालाच काही उपयोग नाही असं निळं, निवांत पाणी पाहिलं की बोट थांबतंच. त्यामुळे या हॉटेलांची ओढ म्हणजे श्रीमंतांची नक्कल, असं म्हणून मला तरी हात झटकता येत नाहीत. त्यात खरं सौंदर्य आहे. ते कसं घडवलं जातं, एवढंच जरा पाहू.

या शैलीचा एक मोठा उगम श्रीलंकेत सापडतो. जेफ्री बावा या वास्तुरचनाकारानं 1969 मध्ये बेंटोटा बीच हॉटेल उभं केलं. जाडजूड दगडी तळ, लाकूड, कौलं, मधोमध पाण्याचा चौक, आणि स्वागतकक्षाच्या छताला एना डी सिल्वा यांनी केलेलं बाटिक. बावा समुद्र एकदम दाखवत नाही. आधी ठेंगणी, काळोखी वाट, मग वळण, आणि मग अचानक उजेड. आपल्या जुन्या वाड्यात अंधाऱ्या देवडीतून चौकात आल्यावर जे होतं, तेच. पुढे 1988 मध्ये फुकेतला 'अमनपुरी' आलं आणि या साधेपणाचा जगभर ब्रँड झाला. (अमनपुरी म्हणजे शांतीचं ठिकाण. आमच्या शहरात हे नाव ऐकलं तर बायपासपलीकडची नवी प्लॉटिंग स्कीम वाटेल.)

या शैलीचं सगळं कसब वजाबाकीत आहे. आधी पाट्या गेल्या, मग काउंटर गेला, मग बिल डोळ्यांसमोरून गेलं. खोल्या कमी आणि राबणारे हात जास्त, पण ते हात दिसायचे नाहीत. चादर आपोआप सरळ होते, पाचोळा आपोआप नाहीसा होतो. शेवटी वजा करायला उरतो तो किनाऱ्यावरचा माणूस. माझी अडचण इथे सुरू होते, कारण कोकण-गोव्याचा किनारा कधीच रिकामा नव्हता. तिथे रापण ओढली जाते, मासळी वाळत पडते, होड्या उलट्या घालून डांबर लावतात, संध्याकाळी पोरं रबरी चेंडूनं क्रिकेट खेळतात. रिकामा किनारा हा निसर्ग नव्हे. तो कुणीतरी रिकामा केलेला असतो.

याचं आपल्याजवळचं उदाहरण पणजीशेजारी दोना पावलाजवळ आहे. तिथे वायंगिणीच्या किनाऱ्यावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेलं 'सिदाद दि गोवा' 1982 मध्ये उघडलं. हॉटेल कसलं, एक छोटं पोर्तुगीज गावच. गल्ल्या, चौक, भिंतींवर रंगवलेल्या खोट्या खिडक्या, खोटी दारं, त्यांतून डोकावणारी रंगवलेली माणसं. खरी खिडकी कुठली आणि चित्रातली कुठली, हे चटकन कळत नाही. कोरियांची ही थट्टा मला मनापासून आवडते.

पण याच हॉटेलशी एक खटला जोडलेला आहे. सरकारनं हॉटेलसाठी जमीन संपादित करून दिली, तेव्हा 1983 च्या करारात लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडवायची नाही अशी अट होती. पुढे हॉटेलचं वाढीव बांधकाम झालं आणि त्यानं वाट अडवली, अशी तक्रार घेऊन लोक कोर्टात गेले. 2000 मध्ये उच्च न्यायालयानं ते बांधकाम पाडायला सांगितलं. 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. किनारा सगळ्यांचा आहे, सरकार त्याचं मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व त्या निकालामागे होतं. गंमत म्हणजे हे तत्त्व आपल्या कायद्यात ठळकपणे आलं ते 1996 च्या अशाच एका निकालातून, आणि तिथेही ब्यास नदीकाठचं एक रिसॉर्टच होतं. वायंगिणीच्या बाबतीत मात्र त्याच वर्षी गोवा सरकारनं भूसंपादनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश काढला, ते बांधकाम वाचावं म्हणून.

हा निकाल वाचल्यावर भिंतीवरची खोटी दारं मला वेगळी दिसायला लागली. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी जागोजाग रंगवलेली दारं, आणि गावकऱ्यांचं एक खरं दार कोर्टात अडकलेलं. कोरियांनी हे ठरवून केलं, असं मी म्हणत नाही. चांगली वास्तू तिच्या मालकाच्या हेतूंपासून स्वतःला वाचवू शकत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

कारण याच कोरियांनी, त्याच काळात, जेमतेम काही किलोमीटरवर मांडवीकाठी कला अकादमी बांधली. ती 1983 मध्ये पूर्ण झाली. तीच ठेंगणी, न मिरवणारी रचना, तीच सावली, भिंतींवर तसेच चित्रांचे भास. फरक इतकाच की रस्त्यावरून आत शिरलेला कुणीही मांडवाखालून सरळ नदीपर्यंत जाऊ शकत असे. रूम नंबर विचारणारं कुणी नव्हतं. मला विचाराल तर हॉटेलाच्या शांततेपेक्षा ही शांतता वरच्या दर्जाची आहे, कारण तिच्यात गायनाच्या क्लासला आलेली मुलं, बाकावर डुलक्या काढणारे आजोबा आणि चोरून भेटणारी जोडपी मावतात. पण जुलै 2023 मध्ये, दुरुस्ती सुरू असतानाच, तिच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं.

आमच्या शहरातही असं एक ठिकाण आहे, पाणचक्की. दूरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणून उंचावरून हौदात सोडलेलं. या कोरड्या पठारावर त्याहून मोठी चैन कोणती? पण नहर जमिनीखाली, मिरवणं शून्य. आणि त्या पाण्यावर जातं फिरायचं, दर्ग्यात उतरलेल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळायचं. आज रविवारी तिथे गर्दी असते. मुलं कठड्यावरून वाकून माशांना कुरमुरे टाकतात, कुणीतरी ओरडतं, सेल्फी चालू असतात. फोटोत त्यातलं काहीच 'क्वायट' दिसत नाही.

समुद्राकाठच्या हॉटेलांच्या रील मी अजूनही पाहतो. फक्त आता फ्रेमच्या कडेकडे लक्ष जातं. वाळूत रोवलेला दोराचा खांब दिसतो का, सिक्युरिटीवाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची दिसते का, आणि दोरापलीकडे ओल्या पायांनी कुणी उभं आहे का.